टाकी शंभर लिटरची : रियाधहून अल-उलापर्यंत कॅम्परने

रियाधमधले आपले बरेच लोक सौदीच्या वायव्येकडच्या अल-उलाला विमानाने जातात, दोन रात्री हॉटेल, हेग्राच्या कोरीव थडग्यांचे फोटो, परत. आम्हालाही तेच सोपं पडलं असतं. पण बाबा व्हिजिट व्हिसावर आलेले, वय सत्तरच्या पुढे, रात्रीतून चारदा उठायची सवय, आणि मला ताइमा आणि जुब्बा ही वाळवंटातली जुनी गावं बघायचीच होती जिथे राहण्याची सोय म्हणजे नशिबाचा भाग. तेव्हा नवरा म्हणाला की कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊ, आपलं टॉयलेट आपल्याबरोबरच नेऊ. एवढंच कारण. रोमँटिक वगैरे काही नाही.

कागदपत्रं फार नाहीत. इकामा म्हणजे इथला रहिवासी परवाना, लायसन्स, डिपॉझिट, आणि गाडी भाड्याची असली तरी अबशर या सरकारी ॲपवर तफवीद, म्हणजे ती चालवायची परवानगी, आपल्या नावावर आली पाहिजे, नाहीतर वाटेत मुरूरवाल्याने, म्हणजे ट्रॅफिक पोलिसाने, थांबवलं की उत्तर नाही. आम्ही दोघांच्या नावावर करून घेतली. इथे बायकांना गाडी चालवायला 2018 च्या जूनपासून परवानगी आहे आणि आता कुणी वळूनही बघत नाही, पण एवढा मोठा पांढरा डबा बाई चालवतेय म्हणून पंपावरची पोरं मात्र बघायची.

गाडी ताब्यात देणारा केरळचा होता. त्याने हिंदी-अरबी मिसळून तासभर शिकवणी घेतली. ही स्वच्छ पाण्याची टाकी, शंभर लिटर. ही सांडपाण्याची, तिचा नळ खाली, कुठेही सोडायचा नाही. ही टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढता येणारी टाकी, दिवा लाल झाला की रिकामी करायची, लाल होईपर्यंत थांबलात तर तुमचे हाल तुम्ही बघा. गॅसचा सिलिंडर, फ्रीज गॅसवर, दिवे आणि पंप बारा व्होल्टच्या बॅटरीवर, छतावर सोलर. मी सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. बाबा एकच गोष्ट धरून बसले, शंभर लिटर. "तीन मानसं, शंभर लिटर. म्हंजे किती दिवस गं?" त्याने सांगितलं, भाऊ, शॉवर घेतला तर एक दिवस, नाही घेतला तर तीन.

तिथून परत येईपर्यंत आमचं सगळं वेळापत्रक त्या टाकीच्या काट्यावर चाललं. कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, मुक्काम कुठे, सगळं पाणी ठरवतं. मी ट्रिपच्या आधी पुरातत्त्वाचं जे काय वाचून गेले होते ते खरं तर तिथे त्या काट्याकडे बघत बघत समजलं.

नियम पहिल्याच रात्री ठरले. प्यायचं पाणी वेगळं, बाटल्यांचे खोके. ताटं आधी टिश्यूने पुसायची मगच पाणी. आंघोळ पंपावर किंवा एखाद्या इस्तिराहात, म्हणजे भाड्याच्या विश्रांतीघरात, गाडीत फक्त हातपाय. बाबांनी एक तांब्या आणलेला होता साताऱ्याहून, का ते विचारू नका, तर त्या तांब्याने ते अर्ध्या बादलीत आंघोळ करून मोकळे व्हायचे आणि आम्ही शॉवरवाली पिढी बघत बसायचो.

रियाध ते कासीम ते हाइल रस्ता सरळ, रुंद आणि कंटाळवाणा. साहेरचे, म्हणजे वेग पकडणारे, कॅमेरे आहेत. पण कॅम्परला कॅमेऱ्यापेक्षा वाऱ्याची भीती, मोठा ट्रेलर शेजारून गेला की गाडी अर्धा लेन सरकते, म्हणून शंभरच्या वर जायचंच नाही. अंधार पडायच्या आत थांबायचं. हायवेला उंटांसाठी कुंपण असतं पण आतल्या रस्त्यांना सगळीकडे नसतं, आणि रात्री उंटाचे डोळे दिव्यात पटकन चमकत नाहीत कारण ते दिव्यांच्या झोताच्या वर असतात. पेट्रोल स्वस्त, 91 नंबरचं 2.18 रियाल लिटर. हा डबा पितो पण भरपूर.

कासीम सोडल्यावर रस्त्याच्या आजूबाजूला मोठाली गोल शेतं दिसायला लागतात, मधे बोअर आणि त्याभोवती फिरणारा लांबच लांब पाइप. बाबांनी गाडी थांबवायलाच लावली. सौदीने 1980 च्या दशकात जमिनीखालचं हजारो वर्षांपूर्वीचं साठलेलं पाणी उपसून इतका गहू पिकवला की निर्यात केली, आणि मग पाणी खोल जायला लागलं तेव्हा 2008 मध्ये ठरवलं की सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने बंद. हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबा म्हणाले, "खालचं पानी परत भरत न्हाई ना हितं? मग ती शेती न्हवं." आणि गाडीत जाऊन बसले.

हाइलला जुना किल्ला, बाजार, आणि हातिमताई. लहानपणी गोष्टींत वाचलेला तो हातिम खरंच इथल्या तय्यी टोळीतला, सहाव्या शतकातला, आणि त्याचा अभिमान शहरात दिसतो. आम्ही तिथे बकाल्यात म्हणजे किराणा दुकानात सामान भरलं, तमीसच्या भट्टीवर गरम रोटी आणि फूल, म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे, खाल्लं आणि जुब्बाकडे निघालो. नफूद वाळवंट सुरू होतं तिथून, तांबूस वाळू. पण आमची गाडी फोर बाय फोर नाही, त्यामुळे वाळूचा मोह बाजूला. मुक्कामाची जागा बघायची पद्धत अशी की गाडी डांबरावर ठेवायची, आधी चालत जायचं, टाच मारून बघायची, टाच रुतली तर गाडी रुतणारच. खडीचा कडक पट्टा मिळाला तर तिथे. आणि वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, पात्रात कधीच नाही, कितीही सपाट आणि छान दिसलं तरी, हिवाळ्यात वर कुठेतरी पाऊस पडतो आणि इथे ऊन असताना लोंढा येतो.

जुब्बाची गंमत बघा. चारी बाजूंना वाळूच्या टेकड्या आणि मधे गावापुरता सपाट खड्डा, ज्यात वाळू शिरत नाही. कारण पश्चिमेला उम्म सिनमान नावाचा डोंगर आहे, वारा तिकडून येतो, डोंगर त्याला अडवतो, आणि डोंगराच्या आडोशाला वाळू साचत नाही. काही हजार वर्षांपूर्वी इथे पाऊस बरा होता तेव्हा त्या खड्ड्यात तळं होतं. तळ्याकाठी माणसं राहिली आणि डोंगराच्या खडकांवर चित्रं कोरत राहिली, पिढ्यान्‌पिढ्या. हाइल भागातली ही खडकचित्रं 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, जुब्बा आणि शुवैमिस दोन्ही मिळून. आता कुंपण आहे, लोखंडी पायऱ्या आहेत, सकाळी गेलात तर ऊन तिरकं असतं आणि रेषा नीट दिसतात, दुपारी सगळं चपटं होतं.

मी माणसांच्या आकृत्या शोधत होते, बाबा एका खडकापुढे उभे. "हे बैल हायेत." लांब वळलेल्या शिंगांची जनावरं, अंगावर नक्षी. मी म्हटलं हो, जुनी चित्रं गुरांची आहेत, उंट नंतर आले. तर ते म्हणाले की मग चित्र बघायची गरजच काय, बैल म्हटल्यावर पाणी आलंच, बैलाला रोज पाणी लागतं. खरंय, संशोधकही साधारण याच वाटेने जातात, आधी गुरं, मग पाऊस गेला आणि उंट, त्यांच्याजवळ थमुदिक म्हणजे अरबस्तानातल्या एका जुन्या लिपीतली अक्षरं. एकाच खडकावर एखाद्या ठिकाणी दोन्ही आहेत.

संध्याकाळी आम्ही खडीवर ठोकळे लावून गाडी सरळ करत होतो तर एक हायलक्स येऊन थांबली. म्हातारा सौदी, त्याला वाटलं आम्ही अडकलो. अडकलो नाही म्हटल्यावरही गेला नाही, थर्मासमधून कहवा दिला, खजूर दिला, थोडी जळाऊ लाकडं दिली (इथलं झाड तोडून जाळायला बंदी आहे, दंड जबर, लाकूड विकत घ्यायचं असतं) आणि बाबांना बघून विचारलं पाणी आहे का. म्हणजे ‘जेवलात का’ असं नाही, ‘पाणी आहे का’ असं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मळ्यावर जाऊन टाकी भरली. पैसे काढले तर रागावला. हिवाळ्यात सौदी लोक स्वतःच सहकुटुंब वाळवंटात जाऊन बसतात, कश्ता म्हणतात, त्यामुळे तंबू-डबा घेऊन रानात बसलेल्या माणसाचं त्यांना अजिबात नवल वाटत नाही, नवल एवढंच की हे लोक शेकोटी इतकी लहान का पेटवतात.

रात्री थंडी मात्र कडक. जानेवारीत या भागात पारा शून्याजवळ जातो. हीटर गॅसवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरीवर, म्हणून रात्री फोन चार्जिंगला लावायचे नाहीत हा आणखी एक नियम.

ताइमाला मी ज्या माणसासाठी गेले तो बॅबिलोनचा राजा नबोनिदस. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात हा राजा राजधानी मुलाच्या हातात देऊन इथे येऊन राहिला, साधारण दहा वर्षं. का, यावर विद्वानांची भांडणं आहेत, कुणी देवाधर्माचं कारण देतं, कुणी व्यापाराचं. उद-धूपाचा रस्ता दक्षिणेकडून येऊन इथून जायचा, तेव्हा व्यापाराचं मला पटतं. इजिप्तच्या तिसऱ्या रामसेसचं नाव कोरलेला खडकही ताइमाजवळ सापडला, 2010 मध्ये जाहीर झालं, म्हणजे इथून जाणाऱ्यांची रांग त्याच्याही सहाशे वर्षं आधीची. पण गावात दाखवायला राजाचं फारसं काही नाही. उत्खननाला कुंपण, बाहेरून बघायचं.

दाखवायला आहे ती विहीर. बिर हद्दाज. तोंडच सुमारे 18 मीटर रुंद, खोली 11-12 मीटर, दगडी बांधणीची, आणि काठावर गोल लाकडी चाकांच्या चौकटी रांगेने उभ्या, मागे खजुराच्या बागा. उंट विहिरीपासून लांब चालत जायचे आणि दोराने पाणी वर यायचं, एकावेळी कित्येक उंट. मी बोर्ड वाचत होते तेवढ्यात बाबांचं सुरू झालं.

"आगं ही मोट हाय." मग मला आणि नवऱ्याला काठावर उभं करून सगळं समजावलं. ते चाक, त्यावरून नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर. खाली काठाला कणा म्हणजे फिरता लाकडी रूळ असायचा, त्यावरून सोंदूर म्हणजे मोटेच्या सोंडेचा बारीक दोर. हे थारोळं, इथे मोट रिकामी व्हायची, इथून पाट. आणि हा उतार म्हणजे धाव, जनावर उताराला लावायचं म्हणजे त्याचं वजनच अर्धं काम करतं. "बैलाजागी उंट, बाकी काय फरक न्हाई." लहानपणी त्यांनी मोट हाकलेली आहे, लिंबची बारा मोटांची विहीर आमच्या गावापासून लांब नाही, तेव्हा मधे बोलायची सोयच नव्हती. एक बांगलादेशी माळी झाडांना पाणी घालत होता तोही येऊन ऐकत उभा राहिला, मराठीतून. धावेची लांबी विहिरीच्या खोलीएवढी हवी, म्हणजे जनावर टोकाला पोचलं की मोट बरोबर वर आलेली असते, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं आणि ते ताइमात कळलं. मग बाबांनी धाव पावलांनी मोजली. 1950 च्या दशकात इथे पंप बसले आणि उंट सुटले, हे मी सांगितलं तर म्हणाले आमच्याकडंबी इंजिन आलं तवाच.

आमची टाकी तिथे पाव राहिली होती. पंपावर भरून घेतलं, पण ते पाणी इतकं जड की साबणाला फेस येईना. गोडं पाणी हवं असेल तर वेगळं विचारावं लागतं, मुव्या हेल्वा, आणि टँकरवाल्याला गाठावं लागतं ज्याला इथे वायत म्हणतात. वायतवाल्याला शंभर लिटर म्हणजे चेष्टा वाटली, त्याचा टँकर हजारोंचा. हसत हसत भरून दिलं.

अल-उलाला आलं की एकदम दुनिया बदलते. वाळूच्या दगडाचे लाल कडे, मधे खजुरीची हिरवी पट्टी, आणि तिकिटं, स्लॉट, बस, कॅफे. इथे रानात कुठेही उभं राहता येत नाही, बराच भाग संरक्षित आहे, आम्ही एका खजुराच्या बागेतल्या कॅम्पसाइटवर राहिलो, वीज मिळाली, कॅसेट रिकामी करायची व्यवस्थित जागा मिळाली, त्याचा आनंद आरशांच्या माराया इमारतीपेक्षा जास्त झाला हे खरं सांगते. एलिफंट रॉक संध्याकाळी गर्दीचा, बघितला न बघितला सारखंच.

हेग्राचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, आपली गाडी आत नेता येत नाही, बसने फिरवतात आणि प्रत्येक थांब्यावर रावी म्हणजे माहिती सांगणारे स्थानिक तरुण-तरुणी. जॉर्डनमधलं खडकात कोरलेलं पेट्रा ज्या नबातियन व्यापारी लोकांचं, हे त्यांचंच दक्षिणेकडचं मोठं शहर. 2008 मध्ये सौदीची पहिली युनेस्को जागा झाली. शंभरावर कोरीव थडगी, त्यातली 94 नक्षीदार, बहुतेक इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासची. मराठी माणसाला वेरूळ आठवणारच, पण आत गेलात तर (जिथे जाऊ देतात तिथे) साधी खोली आणि भिंतीत कोनाडे, सगळी कारागिरी दर्शनी भागावर. कोरायचे मात्र वरून खाली, हे कसर अल-फरीदवर दिसतं, एकट्या खडकात कोरलेलं, वरचा भाग गुळगुळीत आणि खालचा छिन्नीच्या घावांसकट तसाच राहिलेला.

मला जास्त आवडले ते दारावरचे लेख. हिनात नावाच्या बाईने, वहबूच्या मुलीने, इसवी सन 60-61 च्या सुमाराला स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी थडगं करून घेतलं आणि दारावर कोरलं की हे कुणी विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, भाडेपट्ट्याने द्यायचं नाही. त्या थडग्यात सापडलेल्या एका बाईच्या हाडांवरून 2023 मध्ये चेहरा तयार केला, तो स्वागत केंद्रात ठेवलाय. इतर काही लेखांत मोडणाऱ्याला दंडही सांगितलेत, राजाला इतके आणि देवाला इतके. बाबा ऐकून म्हणाले, "म्हंजी भावकी तवाबी हुती."

पण थडग्यांत राहत कुणी नव्हतं. राहायचे ते मधल्या सपाटीवर मातीच्या घरांत, आणि त्या शहराभोवती शंभराहून जास्त विहिरी, काही सरळ खडकात खोदलेल्या. बसमधून त्या दिसत नाहीत म्हणून कुणी विचारत नाही. मी रावीला विचारलं तर तिचा चेहरा फुलला, म्हणाली सगळे सेल्फीची जागा विचारतात.

या जागेबद्दल ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने आधीच सांगितलं होतं की तिथे जा, पण जेवण-हसणं नको, लवकर निघा. इस्लामी परंपरेत ही समूद लोकांची वस्ती. प्रेषित सालेह यांना दिलेली सांडणी आणि ते लोक यांच्यात पाण्याची वाटणी ठरली होती, एक दिवस तिचा, एक दिवस त्यांचा. त्यांनी सांडणीला मारलं आणि त्यांचा नाश झाला. पुढे 630 मध्ये प्रेषित मुहंमद तबुकच्या मोहिमेवर सैन्यासह इथून गेले तेव्हा त्यांनी इथल्या विहिरींचं पाणी प्यायला मनाई केली, भरलेलं ओतून टाकायला सांगितलं, त्या पाण्यात मळलेली कणीक उंटांना घालायला लावली, आणि सांडणी प्यायची त्याच विहिरीचं पाणी घ्यायला सांगितलं. मी हे बसमध्ये हळू आवाजात बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, पाळी मोडली. पाटाच्या पाण्याची पाळी मोडल्यावरून आमच्या गावात काय काय झालंय ते मला माहीत आहे, त्यामुळे मीही पुढे काही बोलले नाही.

अल-उलातच दादान या जुन्या राजधानीच्या उत्खननात लिह्यानी राजांच्या, म्हणजे नबातियनांच्या आधीच्या, काळातलं एक अखंड दगडाचं गोल कुंड आहे, जवळजवळ पावणेचार मीटर रुंद, बहुधा देवळाचं. लोक त्याला सांडणीचं दूध काढायचं भांडं म्हणतात. जवळच्या जबल इक्मा डोंगरावर शेकडो कोरीव लेख, 2023 मध्ये तेही युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत गेले. दोन्ही एका सकाळीत होतात.

हेग्रातच हिजाझ रेल्वेचं स्टेशन आहे. दमास्कस ते मदिना, 1908 मध्ये पूर्ण, साधारण तेराशे किलोमीटर, हिंदुस्थानातल्या मुसलमानांनीही वर्गणी दिली होती. शेजारी त्याआधीचा किल्ला, हजला जाणाऱ्यांची विहीर राखायला बांधलेला. नवरा रेल्वेवेडा, त्याने समजावलं की वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाण्याची जास्त पंचाईत, म्हणून रूळही जुन्या काफिल्यांच्याच वाटेने गेले. उंट, हाजी, इंजिन आणि आमचा डबा, सगळे त्याच थांब्यांवर टाक्या भरत गेलेले.

परतताना खैबरच्या काळ्या लाव्ह्याच्या पठारावरून आलो, एक रात्र तिथे, मग मदिनेला बाहेरच्या बाजूने वळसा घालून सरळ रियाध. गाडी परत देताना सांडपाणी आणि कॅसेट रिकामी पाहिजे, नाहीतर डिपॉझिटमधून कापतात. आमचे एका खरचट्याचे कापलेच, ते खरचट आधीपासून होतं, सुरुवातीचा व्हिडिओ दाखवल्यावर निम्मे परत आले. व्हिडिओ काढाच.

आता साकाकाचे उंटांचे कोरीव दगड आणि दूमत अल-जंदलचा किल्ला राहिलाय. बाबांचा व्हिसा वाढवून मिळाला तर मार्चच्या आत उरकायचं, एप्रिलनंतर त्या डब्यात दुपारी बसवत नाही. या वेळी दोनशे लिटरची टाकीवाली गाडी मिळते का बघतोय, बाबा म्हणतात शंभर पुरते.